डुलकीच्या जाग्या पेशी

माझी नणंद कुठेही झोपते. जेवताना, बोलताना, एकदा तर चक्क नोकरीच्या मुलाखतीत. घरात सगळे तिला डुलकी म्हणतात. मी मात्र पहाटे उठून घरचं आवरायचं, दिवसभर प्रयोगशाळेत मेंदूच्या ऊतींना खाऊ-पिऊ घालायचं आणि परत येऊन हिचं ताट वाढायचं. माणसाने सोसायचं तरी किती?

डॉक्टरांचं एकमत होईना. तेव्हा तिच्या दंडाची टिकलीएवढी कातडी मीच आमच्या प्रयोगशाळेत नेली. त्यातल्या पेशींपासून आम्ही बशीत तिच्या मेंदूची ऊती वाढवली, मोहरीएवढे दाणे. त्यात हिस्टामिन बनवणाऱ्या पेशी होत्या. आपण जागे राहतो ते त्यांच्या जोरावर. सर्दीच्या गोळीने पेंग येते ती हिस्टामिन अडवल्यामुळेच.

डुलकीला त्या दाण्यांचं केवढं कौतुक. मी दारात पाऊल टाकलं की विचारायची, "वहिनी, माझं पिल्लू काय म्हणतंय?"

नवऱ्याने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "आजार निघाला तर जन्मभर सांभाळीन. नाही निघाला तर खोली रिकामी कर आणि स्वतःचं बघ." त्या खोलीवर माझा डोळा होताच. माझ्या मुलीला अभ्यासाला जागा नको?

निकाल आला. पेशी ठणठणीत. त्यांच्यातल्या विजेच्या ठोक्यांची यंत्राने टिपलेली टिकटिक मी सगळ्यांना मोबाइलवर ऐकवली.

"म्हणजे जाग्याच आहेत की," नवरा म्हणाला.

"टक्क जाग्या," मी म्हणाले.

खरं तर या पेशी बशीत आपल्याआपणच चालू राहतात. त्यांना उठवणारे, गप्प करणारे मेंदूचे बाकीचे भाग तिथे नसतातच. डोक्यात काय बिनसलंय ते बशी सांगत नाही. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यालाही हे ठाऊक असतं. घरात कोणी विचारलं नाही, मीही शहाणपण पाजळलं नाही.

"इतकी वर्षं नाटकं केली कार्टीने," सासूबाई म्हणाल्या.

डुलकी माझ्याकडे बघत होती. डोळे मिटायला लागले होते, म्हणून स्वतःच्याच मांडीला चिमटे काढत होती. "वहिनी, तुला यातलं कळतं. खरं सांग, मी आळशीच आहे का गं?"

"हो," मी म्हणाले.

"मलाही वाटायचं कधीकधी," ती म्हणाली आणि आत गेली. बॅग भरताभरता तिला कपड्यांवरच झोप लागली. मी हलवून उठवलं, तर तिने माझी माफी मागितली.