सेल्मोच्या डाव्या मोज्यातला चोथा

मी चोथा बोलतोय. मुरडा, खुशाल नाक मुरडा! रस निघून गेल्यावर मागे उरतो, तो मी. रसासाठी पेले पुढे येतात, माझ्यासाठी फावडं येतं.

स्पेनच्या उत्तरेला, अस्तुरियासच्या एका ओल्या खोऱ्यात सेल्मोचा घाणा आहे. पानगळीच्या दिवसांत तिथे सफरचंदं चेचतात, दाबतात आणि रस पिंपात आंबवतात. त्याची होते सिद्रा. तिच्यावर सगळं खोरं जीव टाकतं. मी मात्र दाबाखालून निघालो तो चपटा, तपकिरी आणि चिकट. म्हाताऱ्या सेल्मोने मला हुंगलं आणि म्हणाला, "जा, गलाना वाट बघतेय." गलाना म्हणजे त्याची गाय. जन्मल्या जन्मल्या माझं भविष्य ठरलेलं होतं आणि ते फारसं सुवासिक नव्हतं.

मला वाचवलं ओलायाने. ही सेल्मोची नात, शहरात रसायनशास्त्र शिकून आलेली. तिने माझी एक पाटी गोठ्याच्या वाटेवर अडवली आणि मला माळ्यावर वाळत घातलं. मग कोमट पाण्यात भिजवलं, पिळलं, गाळलं, हवेत मुरू दिलं, तुरटी घातली. माझ्या सालीत आणि बियांत एक रंग दडून बसला होता. तो हळूहळू पाण्यात उतरला, झेंडूसारखा पिवळा. मी स्वतःकडे बघतच राहिलो. आमच्या कुळाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं हो!

"आजोबा, यात लोकर रंगवता येईल," ओलाया म्हणाली.

"लोकर पांढरीच बरी. मेंढीने कधी तक्रार केलीय? आणि गलानाने काय खायचं, तुझी पदवी?"

"रंग काढला तरी चोथा उरतोच की. तो घाला तिला."

"माझ्या गाईला तुझं उष्टं घालू?"

ओलाया हसली, पण तिच्या हातांची घाई मला कळत होती. बिल्बाओ शहरातल्या एका कारखान्यात तिला नोकरी मिळत होती. रंगाला गिऱ्हाईक मिळालं तर ती इथेच राहणार होती, नाहीतर रविवारची बस पकडणार होती. बसचा विषय निघाला की सेल्मो उठून उगाच पिंपांवर टकटक करून येई.

शेवटी डोंगरापलीकडच्या उर्बिसियाबाई यायच्या ठरल्या. त्यांची घोंगड्यांची गिरणी. त्यांच्यासमोर लोकर रंगवायची आणि रगडून धुऊन दाखवायची, असा ओलायाचा बेत होता. रंग उरला होता जेमतेम बाटलीभर, कारण बाकीच्या पाट्या सेल्मोने सवयीने गलानापुढे रिकाम्या केल्या होत्या. आणि बाटली कोणती? त्या घरात बाटली म्हणजे एकच, हिरवी, सिद्रेची. मला तीत भरून, बूच लावून ओलायाने टेबलावर ठेवलं आणि ती लोकर आणायला माळ्यावर गेली.

नेमक्या तेव्हाच बाई टपकल्या.

दारात पाहुणा, टेबलावर बाटली. अस्तुरियासचा माणूस अशा वेळी विचार करत नाही. सेल्मोने बूच काढलं, एका हाताने मला डोक्याच्या वर नेलं, दुसऱ्या हातात पेला खाली मांडीपाशी धरला आणि नजर समोरच्या भिंतीवर लावली. पेल्याकडे बघून ओततो तो नवशिका! मी एवढ्या उंचावरून कोसळलो, निम्मा पेल्यात, निम्मा बाहेर. मला भोवळच आली.

सिद्रा एका दमात प्यायची असते, म्हणून बाईंनी मला एका दमात घेतलं. त्यांचे गाल आत गेले, डोळे भरून आले.

"कशी आहे?" सेल्मोने विचारलं.

"पोटाला... चांगली असावी."

"यंदा जरा तुरट उतरलीय. उंचावरून ओतली की सुधारते."

पेला सगळ्यांत एकच फिरतो. म्हणून तळाचा घोट ठेवायचा आणि जिथे ओठ लागले त्या कडेवरून तो खाली झटकून कड धुवायची, अशी इथली रीत. सेल्मो मला सुधारण्यासाठी उंच, आणखी उंच ओतत राहिला. दर वेळी बाईंचा घोट लहान आणि झटका मोठा. तेल्विनाने, म्हणजे सेल्मोच्या बायकोने, नुकतीच फरशी पुसून त्याचे लाकडी जोडे दाराबाहेर काढायला लावले होते. त्यामुळे मी पडत होतो थेट त्याच्या डाव्या पायातल्या पांढऱ्या लोकरी मोज्यावर.

ओलाया खाली आली तेव्हा बाटलीत थेंब नव्हता.

"आजोबा! तो रंग होता!"

सेल्मोचा हात वरच राहिला. "सगळा?" त्याने विचारलं. त्याचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ओलायाने लोकर टेबलावर ठेवली आणि ती खुर्चीत बसली. मला फार वाईट वाटलं. मला कामाचा म्हणणारी ती पहिलीच, आणि मी तिच्याच डोळ्यांदेखत वाया गेलो होतो.

तेवढ्यात तेल्विना आत आली. तिला ना बाटली दिसली, ना पाहुणी. तिला मोजा दिसला.

"सेल्मो! हा मोजा मी विणलाय, झाडाला नव्हता लागला! काढ आधी!"

अंगणातल्या दगडी डोणीवर माझी धुलाई सुरू झाली. साबण झाला, कढत पाणी झालं, राख झाली. "निघ मेल्या! निघतोस की नाही? मुडदा बसवला तुझा!" इतक्या शिव्या मला गलानाच्या गोठ्यातही पडल्या नसत्या. मी ओलायाकडे पाहिलं आणि धाग्याला घट्ट धरून बसलो.

उर्बिसियाबाई मागोमाग आल्या. "आणखी घासा," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच घासा! माझे हात सोलले, मोजा फाटेल, पण हा डाग जायचा नाही!"

"हे पुन्हा एकदा म्हणा बरं." मग बाई ओलायाकडे वळल्या. "माझ्या गिरणीत रंग धुऊन बघायला माणसं आहेत, पण इतक्या रागाने कुणी धूत नाही. पुढच्या हंगामाचा सगळा रंग माझा. फक्त पुन्हा मला पाजू नका."

रविवारची बस ओलायाशिवाय गेली. एक मोजा पिवळा आणि एक पांढरा घालून सेल्मो हिंडत राहिला. साऱ्या गावाने त्याची यथेच्छ टर उडवली, तरी त्याने जोड बदलली नाही. मीही त्याच्या पायात नांदत राहिलो. वासाबद्दल मी बोलणार नाही, त्याच्या घरचं मीठ खाल्लंय.

पुन्हा पानगळ आली. ओलायाचं पहिलं मोठं पातेलं रंगाने भरलं. उष्टा चोथा गलाना मिटक्या मारत खाऊ लागली. एका सकाळी सेल्मो धापा टाकत माळ्यावर चढला, बाकावर बसला आणि उजव्या पायातला मोजा काढून त्याने नातीपुढे धरला.

"हाही बुडव."

"आता सुचलं होय, आजोबा? वर्ष झालं!"

"एकच पिवळा दिसला की मला वाटतं, तुझा एक पाय अजून त्या बसमध्येच आहे."

ओलायाने डोळे पुसले आणि मोजा बुडवला. आता आम्ही जोडीने राहतो.

तुमच्याकडेही कुठे तरी रस निघत असेल, चोथा उरत असेल. फावडं उचलण्याआधी माझ्या भावंडांना एकदा विचारा, त्यांच्यात काय दडलंय ते. आणि अस्तुरियासमध्ये कुणी हिरवी बाटली पुढे केली, तर कृपा करून आधी हुंगून बघा.