शिवकांताची पूजा

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या दुष्काळात उदगीरच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड येऊ लागला. रुद्राणीअव्वा घरातल्या रांजणाला कुणाला शिवू देत नसत. पाणी त्याच काढून देत: आधी मुलगा गुरुपादप्पा, मग त्या स्वतः, मग म्हैस आणि सर्वांच्या शेवटी सून शिवकांता.

स्नान करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्यावाचून त्या घरात कुणी घास घेत नसे. शिवकांताची पाळी येईतो रांजण बहुधा कोरडा पडे. मग ती सर्वांना वाढून स्वतः तशीच उपाशी राही.

अव्वांचे दुखणे निराळेच होते. दुकानातून परतलेला गुरुपादप्पा पूर्वी उंबऱ्यातूनच त्यांना हाक मारी. आता त्याचे डोळे आधी स्वयंपाकघराकडे वळत.

एके दुपारी तो जेवायला बसतो न बसतो तोच शेजारची पारूबाई ओरडत आली. "अक्का, पलीकडच्या नागप्पानं बायकोला मारलं हो!"

अव्वा ताठ बसल्या. "बाईवर हात टाकणं ही हिंसा. मी सुनेला आजवर बोट लावलं न्हाई."

"मग सूनबाई वाळून का चालली?"

गुरुपादप्पाने घास खाली ठेवला. "ती जेवली का, अव्वा?"

"पूजा व्हायचीय तिची. पाणी सरलं."

"म्हशीला पुरलं न्हवं?"

"मुक्या जनावराला तहानलेलं ठेवणं हिंसा होईल."

"मग सूनबाईनं बी हंबरावं की, अक्का!" पारूबाई म्हणाली.

गुरुपादप्पा हसला नाही. त्याने ताट सारले. "तिची पूजा होईस्तोवर मी बी जेवणार न्हाई. तू मारलं न्हाईस, अव्वा. उपाशी ठेवलंस, त्याला काय म्हणू?"

अव्वांच्या अंगाचा तिळपापड झाला. मागे त्या तापाने फणफणल्या होत्या, तेव्हा याने एक वेळचे जेवण सोडले नव्हते! पण मुलगा उपाशी राहणे त्यांना सोसवेना. स्वतःच्या सांजपूजेसाठी राखलेली कळशी त्यांनी सुनेसाठी न्हाणीत नेऊन आदळली.

सांजेला अव्वांपुरते पाणी उरले नाही. त्या ओसरीवर कान देऊन बसल्या. आता आईसाठी तरी तो ताट सारेल. आतून भाकरी मोडल्याचा आवाज आला.

शिवकांता भरला तांब्या घेऊन बाहेर आली. "दुपारच्यातलं राखलं होतं, अव्वा. पूजा करून घ्या."

"त्यानं राखायला सांगितलं?"

"न्हाई. मीच राखलं."

"ठेव तिथं."

ती आत गेली. अव्वा तांब्याला हात न लावता मुलाचे जेवण ऐकत राहिल्या.