व्हर्नाच्या फाटकाची किल्ली

आल्सीद मिशो हा काही खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि म्हणूनच त्याचं एक खोटं एवढं चाललं. रोज थापा मारणाऱ्याकडे कोण लक्ष देतो? अठ्ठावीस हिवाळे हा माणूस बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांच्या क्लबची वाट सांभाळत होता. कुणाचं कुंपण मोडलं तर मालकाला कळायच्या आत नवा खांब रोवून मोकळा व्हायचा. ‘आल्सीद म्हणाला ना, मग झालं,’ असं गावात म्हणत.

क्लबची वाट नदीवरच्या पुलाकडे जायची ती व्हर्ना पेल्कीच्या शेतातून. दुसरी वाटच नव्हती. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला कागद कंपनीचं रान, आणि तिथे पाऊल ठेवायची सोय नव्हती. व्हर्नाचं शेत बंद म्हणजे क्लब बंद, आणि क्लब बंद म्हणजे आल्सीदच्या आयुष्यात टीव्ही सोडून काही उरत नव्हतं.

एवढं मोठं प्रकरण, पण कागद एकही नाही. दर नोव्हेंबरात क्लब जमीनमालकांना जेवण घालायचा. भट्टीत रात्रभर शिजलेले बीन्स, हॅम, शेवटी ॲपल पाय. ताटं रिकामी झाली की व्हर्ना उठायची आणि आपल्या फाटकाची किल्ली आल्सीदच्या ताटाशेजारी ठेवायची. सगळे टाळ्या वाजवायचे. एप्रिलमध्ये बर्फ गेलं की तो ती तिच्या दारात नेऊन द्यायचा. झाला करार.

त्या वर्षी किल्ली परत देऊन आठवडाही झाला नव्हता, तोच व्हर्नाचा फोन आला. “ये. बूट घालून ये.”

चिखलाचे दिवस होते. त्या दिवसांत जाड चाकांची एटीव्ही गाडी बाहेर काढायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुणीतरी फाटकाला वळसा घालून खालच्या शेतात शिरलं होतं आणि मनसोक्त गरागरा फिरलं होतं. हिवाळ्याआधी पेरलेलं राय धान्य मुळासकट उपटलं गेलं होतं. ढोपरभर चर पडले होते आणि त्यांत पाणी साचत होतं.

“लॉर्ननं जमिनीखाली घातलेल्या निचऱ्याच्या नळ्या फुटल्यात,” व्हर्ना म्हणाली. लॉर्न तिचा नवरा, जाऊन तीन वर्षं झालेली. “दोन उन्हाळे खपला होता त्यांच्यासाठी. आता इथे बटाटा नाही, बेडूक होतील.”

“क्लबचं नाही हे काम, व्हर्ना. आमच्या स्नोमोबाइल कधीच शेडमध्ये गेल्या.”

“मला क्लब नको सांगूस. नाव सांग. नाव कळलं तर किल्ली मिळेल. नाही कळलं तर नोव्हेंबरात माझी खुर्ची मांडू नका.”

आल्सीदला नाव माहीत होतं. सकाळीच त्याचा जावई कोरी न्याहारीला आला होता तो कानापर्यंत चिखलात माखून. दोन बियर पोटात, नवी लाल एटीव्ही बुडाखाली, आणि पुढचं मडगार्ड अर्धं गायब. “पपा, कुठे बोलू नका हं,” म्हणाला होता. हाच कोरी हिवाळ्यात क्लबचं वाट सपाट करायचं यंत्र चालवायचा. त्याचं नाव घेणं म्हणजे क्लबचं नाव घेणं होतं. शिवाय लेकीचा संसार.

“हॉलिसला विचारलंस का?” आल्सीद म्हणाला.

बस्स, एवढंच. पण तिनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्यानं मान डोलावली. वर म्हणाला, “काल संध्याकाळी त्याची एटीव्ही इकडे येताना पाहिली मी. सांगणार नव्हतो.”

हॉलिस क्रेन नदीकाठी एका जुन्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या, घरात एकटाच राहायचा. सात वर्षांपूर्वी कुठून तरी आला होता. ना गोत ना चर्च. व्हर्नाची लाकडं तो फोडायचा, तिच्या दारचा रस्ता बर्फातून तो मोकळा करायचा, आणि काम झालं की तिच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून कॉफी प्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती द्यायला असा माणूस फार सोयीचा असतो.

गावानं मग आपलं काम चोख केलं. बटाट्याच्या कोठारात त्याला ‘यंदा गरज नाही’ असं सांगण्यात आलं. हॉटेलात त्याच्यापुढे कॉफी यायला तासभर लागू लागला. एका सकाळी त्याची एटीव्ही नदीत उलटी पडलेली सापडली. ती ढकलणाऱ्यांत कोरी होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसणाराही तोच. आल्सीदला हे जेवताना कळलं. त्यानं तोंडातला घास पाण्याबरोबर खाली ढकलला. ऑगस्टमध्ये हॉलिस निघून गेला. कुठे, ते विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

नोव्हेंबरात व्हर्नाची खुर्ची मांडली गेली. ती आली, जेवली, कोरीनं वाढलेला पायचा तुकडा संपवला, उठली आणि किल्ली आल्सीदच्या ताटाशेजारी ठेवली. टाळ्या पडल्या. आल्सीदचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. सुटलो, असं त्याला वाटलं.

तिच्यासाठी भरलेला बीन्सचा डबा उचलून तो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. तिनं गाडीच्या कप्प्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्या हातात दिलं. मडगार्डचा तुकडा होता. लाल.

“नळ्या दुरुस्त करायला खणलं, तेव्हा मिळाला,” ती म्हणाली. “हॉलिसची गाडी हिरवी होती ना रे?”

आल्सीदनं तो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. मग त्यानं विचारलं, “कधी मिळाला?”

“तीन आठवडे झाले.”

“मग किल्ली का दिलीस?”

“गेल्या हिवाळ्यात माझा रस्ता कोण मोकळा करायचं?”

“हॉलिस.”

“लाकडं?”

“हॉलिस.”

“मी एकाहत्तर वर्षांची आहे, आल्सीद. तुझं खोटं चव्हाट्यावर मांडून मी काय जाळू शेगडीत? बर्फ पडलं की पहाटे पाचला यायचं. जावयाला पाठवायचं नाही. तू यायचंस.”

“हॉलिसला शोधून निरोप धाडू का?” आल्सीदनं विचारलं. “परत ये म्हणून?”

“काय सांगशील? तू खोटं बोललास, हे? की मी तीन आठवडे गप्प बसले, हे?” तिनं गाडी सुरू केली. “जाताना माझ्या दारात उभा होता तो. ‘व्हर्ना, मी नव्हतो,’ एवढंच म्हणत होता. दोनदा म्हणाला. मी दार उघडलं नाही. तुझ्या शब्दावर.”

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात गुडघाभर बर्फ पडलं. आल्सीद पाचला हजर झाला. रस्ता मोकळा केला, मग पायऱ्या खरवडल्या. पडवीत हॉलिसनं रचलेली लाकडांची रास अर्ध्यावरच थांबली होती आणि त्याची कुऱ्हाड तशीच ओंडक्यात रुतलेली होती. आल्सीदनं ती उपसली आणि कामाला लागला. सातच्या सुमाराला पहिल्या स्नोमोबाइल शेतातून पुलाकडे गेल्या. यंत्रावर बसलेल्या कोरीनं हात हलवला, “मस्त झालीय वाट, पपा!”

थोड्या वेळानं व्हर्नाचं दार वीतभर उघडलं. कॉफीचा कप बाहेर आला, खरवडलेल्या पायरीवर टेकला, आणि आतून कडी लागली.