हसऱ्या बाळाचा फोटो

बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता, तरी स्वारी हसायची मात्र तोंडभर. ओठ शिवायला आलेले बाहेरगावचे डॉक्टर उद्या सकाळी परत जाणार होते. "बोलायला लागायच्या आत शिवायला हवं," त्यांनी बाळाच्या आईला बजावलं होतं, "पण जन्माचा दाखला आणल्याशिवाय घेता येणार नाही."

दाखल्याच्या कचेरीत आज फोटो काढून दाखले करणारं नवं यंत्र मांडलं होतं. ते कसं चालतं हे बघायला वरचे साहेब आले होते. खिडकीवरच्या कारकुनाने तिला रांगेतून बाजूला घेतलं.

"ताई, यंत्राचा दाखला यायला महिना जातो. शिवाय हे डबडं इथे टिकलं, तर आम्ही सगळे घरी बसलोच म्हणून समज. पोराला जरा रडव. फोटो बिघडला की साहेब ते उचलून नेतील आणि मी तुला इथल्या इथे हाताने लिहून देतो."

"रडवू कसं, दादा? हा रडतच नाही हो."

"आई ना तू? आता तुलाही आम्हीच शिकवायचं?"

मागे शिपाई फिदीफिदी हसला.

यंत्राचा दिवा लागला. बाळाला तो भारीच आवडला. मान उचलून ते त्याच्याशी हुं हुं करत गप्पा मारू लागलं.

"अगं बाई, किती गोड! असंच धरा," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

आईने दुपट्यात हात घातला. मांडी मऊ, सकाळच्या तेलाने अजून गुळगुळीत. तिने चिमटा काढला. बाळाने वळून तिच्याकडे पाहिलं, आईला काही हवंय का, असं. मग तिने नखं रुतवली.

ते शांत व्हायला लागलं की ती पुन्हा चिमटा काढी. एकही फोटो धड निघेना. शेवटी साहेब वैतागले. "न्या हे परत." जाता जाता तिला म्हणाले, "फोटो निघाला असता तर दाखला आत्ताच हातात पडला असता."

ती खिडकीकडे धावली. बाळ हुंदके देत तिलाच बिलगलं होतं.

"दादा, द्या ना लिहून."

"मी दिला असता गं. पण चौकशी होईपर्यंत हाताने लिहिणंही बंद ठेवायला सांगितलंय." कारकुनाने चहाचा घोट घेतला.

"डॉक्टर उद्या जातायत हो!"

"पुढच्या वर्षी येतीलच की." त्याने बाळाची हनुवटी हलवली. "तोवर बोलायला लागेल गुलाम. साहेबांना स्वतःच सांगेल, माझा फोटो काढा म्हणून."

शिपायाने त्याला टाळी दिली.