ओंडक्याला कुंकू

सुचिता अकरावीच्या मुलांना उतारावरचं घर्षण शिकवताना दरवर्षी एकच विनोद करायची. "घर्षण म्हणजे सासरची माणसं. तुम्ही वर चढायला लागलात की खाली ओढणार. पण घसरायला लागलात तर धरूनही तीच ठेवणार." मुलं हसायची आणि बाण कुठल्या दिशेला काढायचा ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, म्हणून विनोद सुचत होता.

लग्न होऊन ती आगरदांड्याजवळच्या एका कोळीवाड्यात आली, तुळशीराम तांडेलांच्या घरी. नवरा हितेश, सासू भागुबाई, धाकटा दीर सदा. माणसं काही वाईट नव्हती. सुनेची नोकरी, सुनेची स्कूटी, सगळ्याचं कौतुक होतं. फक्त सुनेनं होडीबद्दल तोंड उघडायचं नाही, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

वाड्याची एक रीत होती. पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढून घेताना निम्म्या वाटेत थांबायचं. घरच्या मोठ्या बाईनं नारळ फोडायचा आणि तेवढा वेळ सगळ्यांनी दोर सोडून दर्याला हात जोडायचे. दोर धरून केलेला नमस्कार दर्याला पोचत नाही म्हणे. वाळूत हे खपून जात होतं. वाळूचा चढ तो केवढा, त्यात होडी रुतून बसलेली. सोडली तरी जागची हलत नसे. पण यंदा तिथे सिमेंटचा नवा उतार झाला होता आणि तो चांगलाच उभा होता. ओढायला सोपं जावं म्हणून त्यावर फळ्या टाकून माशाचं तेल चोपडायचं ठरलं.

सुचितानं कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याला नट लटकवला आणि उताराचा कोन मोजून आणला. मग मागच्या पडवीत एका फळीला तेच तेल लावलं, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि फळी हळूहळू उचलली. उताराच्या निम्म्या कोनालाच ठोकळा सुळकन खाली आला. सदा जाळं शिवायचं सोडून बघायला आला. त्यानं स्वतः फळी उचलून पाहिली.

"आयला वैनी, ह्यो तर थांबतच न्हाय!"

जेवताना तिनं विषय काढला. "बाबा, दोर सोडला तर होडी मागे घसरेल. नारळाच्या वेळी दोर धरून ठेवा, नाहीतर मागे एक ओंडका तरी लावा."

भागुबाईंनी कानांना हात लावले. "अगो बाय, होरीच्या नावानं असं अभद्र बोलतात व्हय?"

"अभद्र नाही आई, गणित आहे."

"आमच्या आज्यापणज्यांनी काय गणितं करून होऱ्या चढवल्या?" तुळशीराम म्हणाले. "मागं ओंडका लावायचा, म्हंजे दर्यावर भरोसा न्हाय असं त्याच्या तोंडावर सांगायचं."

हितेश ताटात बघत राहिला. सदानंही मान वर केली नाही. दुपारी स्वतःच्या हातानं फळी उचलणारा हा माणूस आता भात कालवतोय, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी अख्खा वाडा दोराला लागला. सदा खांदा लावून होडी मागून रेटत होता. निम्म्यावर होडी थांबली. एकेकानं दोर सोडला. शेवटचा हात सुटेपर्यंत होडी उभी होती, आणि भागुबाईंनी नारळ उचलता उचलता 'बघ' अशा नजरेनं सुनेकडे पाहिलंसुद्धा. सदानं दर्याकडे तोंड करून हात जोडले होते. म्हणजे होडी त्याच्या पाठीमागे होती.

सुचिता किंचाळली. तोवर होडी निघाली होती.

सदाचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली कायमचा गेला.

वाड्यानं कारण शोधायला वेळ लावला नाही. उतार उभा होता, तेल चोपडलं होतं, दोर सोडला होता. पण यातलं काहीच कुणाला दिसलं नाही. होडी घसरणार असं आधी कोण बोललं होतं? तीच काळ्या जिभेची. चोर सोडून संन्याशाला सुळी! हितेश तरी बोलेल म्हणून ती वाट बघत होती. तो बोललाही. "तू गप्प बसली असतीस तर बरं झालं असतं." त्या क्षणी तिला त्याची किळस आली.

पुढच्या वर्षी तिला घरीच थांबायला सांगितलं होतं. तरी ती गेली आणि उताराच्या कडेला उभी राहिली. होडी निम्म्यावर आली. दोर सोडायच्या आधी भागुबाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात सुरूचा ओंडका होता, हळदकुंकू लावलेला, लिंबूमिरची बांधलेला. काळ्या जिभेवर हाच उतारा असं भगतानं सांगितलं होतं. त्यांनी तो होडीमागे नीट बसवला आणि सगळ्यांनी दोर सोडून हात जोडले. होडी करकरत ओंडक्यावर टेकली आणि उभी राहिली.

"दर्या पावला!" लोक म्हणाले.

उत्तर बरोबर आलं होतं, आणि ते तिच्याच विरुद्ध लिहिलं गेलं होतं. ती तडक सदाकडे गेली.

"भावोजी, तुम्ही तर फळीवर पाहिलं होतंत."

"पायलं हुतं, वैनी."

"मग सांगा की सगळ्यांना!"

सदानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगितलं तर माझा पाय माझ्याच गप बसण्यानं गेला असं व्हईल. त्यापरीस तुमच्या जिभेनं गेला, त्येच बरं हाय."

एवढं बोलून त्यानं कुबडी काखेत धरली आणि आईच्या हातचं खोबरं घ्यायला गेला.