छावणीचे कोट

मोठ्या बाईंच्या आवाजाने शिवणयंत्रेसुद्धा थांबतात, असे कारखान्यातले कारागीर चेष्टेने म्हणत; आणि ते फारसे खोटेही नव्हते. सैन्याचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतायची कात्री या वयातही बाईंच्याच हातात होती.

त्यांचा धाकटा मुलगा सैन्यात होता. मित्रदेशाच्या रक्षणासाठी तिथल्या सीमेवर आपल्या देशाने छावणी ठेवली होती, तिथे. त्याची मुदत संपत आली होती. परतायचे, की आणखी एक हिवाळा थांबायचे, हे वरिष्ठांनी त्याच्यावर सोपवले होते, आणि त्याने, लहानपणापासूनच्या सवयीने, ते आईवर सोपवले होते. "तू म्हणशील तसं." उत्तरासाठी आज दुपारी त्याचा फोन यायचा होता.

टेबलावर त्याच छावणीसाठीचे जाड कोट पसरले होते.

"दुसऱ्याच्या घराची राखण आपण का करायची?" थोरला मुलगा इस्त्री बाजूला ठेवत म्हणाला. "त्यांची पोरं काय झोपा काढतायत?"

"ती पोरंही उभीच आहेत, तुझ्या भावाच्या शेजारी. संकट आल्यावर धावून येऊ म्हणणारे पुष्कळ असतात. आधीच जाऊन उभं राहिलं, तर संकटही दोनदा विचार करतं."

"आणि नाही केला विचार, तर? लोक तर म्हणतात, आपण तिथं जाऊन बसलो म्हणूनच सीमेपलीकडचे चिडलेत."

"लोकांना म्हणायला काय लागतं? जीभ फुकटच मिळालीय."

धाकटी सून खिडकीशी बसून बटणांची काजे करत होती. या विषयावर तिने चकार शब्द काढला नव्हता, आणि तिचे गप्प राहणे बाईंनी होकारातच धरले होते. आता तिने हातातला कोट उचलून उजेडात धरला.

"आई, ही बाही कुणाच्या मापाची?"

"ठरलेल्या. मधल्या."

"मधल्या मापाची एवढी लांब नसते. आणि डावा खांदा उतरता बेतलाय." तिने कोट मांडीवर घेतला. "हा कोट ह्यांचा आहे."

यंत्रे खरोखरच थांबली. बाईंनी कोट ओढून घेऊन टेप लावली. त्यांच्या कात्रीने माप सोडल्याचे कुणी पाहिले नव्हते. मन अजून विचारात आहे, असे त्या स्वतःला बजावत होत्या. हाताने मात्र लेकाला हिवाळाभर तिथेच ठेवून टाकले होते.

"चूक झाली," त्या म्हणाल्या.

"चूक कसली? तुमचं ठरलंय. मला तेवढं कुणी विचारलं नाही."

"मग आता विचारते. छावणी उठवावी, असं तुला वाटतं?"

"नाही, आई. त्या लोकांना एकटं सोडलं, तर मलाही चैन पडणार नाही. पण तिथं ह्यांनीच किती हिवाळे काढायचे, ते असं कोटावरून कळायला नको होतं."

थोरला तोंड उघडणार, तोच बाईंनी हात वर केला. देशाने दिलेला शब्द पाळावा, हे त्यांचे मत तसूभरही हलले नव्हते. मात्र त्या शब्दापायी ज्या घरातला माणूस दूर राहणार होता, ते घर आपल्या एकटीचे नाही, हे त्यांच्या ध्यानात आज आले.

फोन वाजला. बाईंनी तो उचलला.

"ऐक. मी काही सांगणार नाही."

पलीकडून तो म्हणाला, "आई, तुला बरं आहे ना?"

"ठणठणीत आहे. माझं मत तुला ठाऊक आहे, ते बदललेलं नाही. पण तुझ्याविना दिवस जिला काढायचेत, तिच्याशी बोल. आणि नीट बोल, नुसतं हो हो करू नकोस."

फोन सुनेच्या हाती देऊन त्यांनी कारागिरांना चहाला पिटाळले, कान टवकारून उभ्या असलेल्या थोरल्याला दंडाला धरून बाहेर आणले आणि दार ओढून घेतले.

"काय सांगेल गं ती?" थोरल्याने हळूच विचारले.

"मला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या, आणि पदर सावरून जिन्याच्या पायरीवर बसल्या.