पानाची डावी बाजू

सासऱ्यांनी पानात चटणी न खाता टाकली तेव्हा वसुधाला वाटलं, हे आपल्यालाच बोलणं आहे. ती साताऱ्याकडची, ते मालवणचे. तिच्या हातचं रुचत नसणार. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम ओलं खोबरं वाटलं. तीही चटणी तशीच राहिली, शेजारची कोशिंबीरही. उजवीकडची भाजी-आमटी मात्र चाटूनपुसून संपलेली.

सासऱ्यांना, म्हणजे नानांना, गुणाजींना, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, बोलणं सरळ झालं. गिरणी संपात बुडाली तेव्हापासून ते चारकोपच्या या बैठ्या घरात नुसते बसून असत. आता त्यांना काम मिळालं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. सोमवारपासून वसुधा अंधेरीला नोकरीवर जाणार आणि रांगती नात त्यांच्याजवळ राहणार. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात दुसरं होतं कोण?

मग एका दुपारी पानात भात असताना नाना म्हणाले, "भात वाढ गो वायच."

थट्टा असेल म्हणून ती हसली. ते हसले नाहीत. तिने वाकून पाहिलं. भाताची मूद मधोमध सुरीने कापल्यासारखी झालेली. उजवा अर्धा भाग संपलेला, डावा जसाच्या तसा. तेव्हा कुठे तिचं त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. डाव्या गालावर दाढीचे खुंट तसेच होते. म्हणजे चटणीवरचा राग नव्हता तर.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत. डोळा फक्त चित्र आत पाठवतो, बघतो तो मेंदू. झटक्याने उजवीकडचा मेंदू दुखावला आणि तिथे डाव्या बाजूची दखल घेतली जाते. बी.एस्सी.ला असताना वसुधाने डोळ्याची आकृती सुबक काढली होती, आत उलट्या पडलेल्या झाडाच्या प्रतिमेसकट. मेंदूकडे जाणारी नस कागदाच्या कडेला आणून तिने सोडून दिली होती. पुढचं परीक्षेला नव्हतं.

"डावीकडे अंधार दिसतो का त्यांना?" तिने विचारलं.

"अंधार दिसला असता तर त्यांनी तक्रार केली असती," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या लेखी डावी बाजूच नाही."

नवऱ्याला, चंद्रप्रकाशला, तिने हे सगळं सांगितलं. सुधारेल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले ना, एवढंच त्याने विचारलं. म्हणाले होते. कधी, ते म्हणाले नव्हते.

रविवारी तो मासळी आणायला गेला, तेव्हा वसुधाने बाळाला नानांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं आणि स्वतः पडद्याआड पोळ्या लाटायला बसली. पडदा अर्धा सारलेला होता. नाना खाटेवर. त्यांच्या डावीकडे उघडं दार, उंबरठा, पायरी, गटार आणि त्यापलीकडे वाळूचे ट्रक जायचा रस्ता. बाळ थोडा वेळ त्यांच्या टाळ्यांना हसलं, मग वळलं आणि दाराकडे निघालं. नाना समोर बघत टाळ्या वाजवतच राहिले. आता बघतील, वसुधाला वाटलं. आता. तिचे हात पोळी लाटत होते. पोळी पार कागदासारखी झाली तरी ते थांबेनात.

उंबरठ्यावर हनुवटी आपटून बाळ रडलं. नाना दचकले आणि आवाज शोधायला वळले, पण उजवीकडे. तिकडे भिंत होती आणि कॅलेंडर. त्यांनी वाकून खाटेखाली पाहिलं. "बाय, खंय लपलंस गो?" ते लाडाने म्हणाले.

वसुधाने बाळाला उचललं आणि वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला आली.

"हय आसा मां!" नाना खूश झाले. "तू जा बिनघोर कामाक. मी आसय."

दुपारी जेवताना ते पाट सारून उठू लागले, तशी तिने ताट अर्धं फिरवलं. नाना चटणीकडे बघत राहिले.

"इतके दिस खंय होती ही?"

"इथेच होती," ती म्हणाली. "नाना, मी उद्या जात नाही."

त्यांचा हात थांबला. "माझ्याकडना जमाचा नाय, असा वाटता तुका?"

"तुम्हाला डावीकडचं कळत नाही, नाना."

त्यांनी मान वळवून घर पाहिलं. कॅलेंडर, भिंत, चूल, सून. अगदी नीट पाहिलं. "सगळा दिसता मां माका," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते.

ते पुन्हा जेवू लागले. बाळ रांगत त्यांच्या डाव्या अंगाला गेलं, त्यांच्या सदऱ्याला धरून गुडघ्यावर आलं आणि मग डुलत चक्क उभं राहिलं. पहिल्यांदाच. नाना चटणी पुसून खात होते. ओरडून सांगावं, असं वसुधाच्या मनात आलं आणि तिथेच राहिलं. ती सरकली, बाळाच्या पाठीमागे तिने हात धरला आणि नानांचं जेवण होईपर्यंत तो तसाच ठेवला.